नवशिक्यांना मेझर वर्ड कधी शिकवावेत?

वाङ्मयरसिक
मँडरिन, म्हणजे प्रमाण चिनी भाषेत संख्या आणि नाम यांच्यामध्ये बहुधा एक मोजशब्द लागतो, तो मेझर वर्ड. ती शिकणाऱ्याला पहिले वर्षभर केवळ ‘ग’ हा सर्वसाधारण मेझर वर्ड पुरतो, बाकीचे मेझर वर्ड पुढे आपोआप येतात, असे काल येथे एकांनी लिहिले. हे वाचून राहवले नाही. मराठी विद्यार्थी चुकीचा शब्द निवडण्याआधी ती जागाच रिकामी सोडतो. आपण ‘तीन पुस्तके’ म्हणतो, म्हणून तो पुस्तकांचा मेझर वर्ड ‘बन’ गाळून ‘सान बन शू’ऐवजी ‘सान शू’ म्हणून मोकळा होतो. सरसकट ‘ग’ची सवय लावली की उलट चूक सुरू होते. ‘सान थ्येन’ म्हणजे तीन दिवस. येथे मध्ये काहीच लागत नाही, तरी तो ‘सान ग थ्येन’ म्हणतो. महिन्यांना मात्र ‘ग’ हवाच, कारण ‘सान ग युए’ म्हणजे तीन महिने आणि नुसते ‘सान युए’ म्हणजे मार्च. नामाबरोबर त्याचा मेझर वर्ड त्याच दिवशी शिकवावा.

पूर्वेकडचा
ते मत माझे होते आणि मी त्यावर ठाम आहे. चिनी मुलेसुद्धा बोलू लागताना ‘ग’ सर्रास वापरतात. मी शिकलो त्या वर्गात पहिल्याच महिन्यात भलीमोठी यादी पाठ करून घेत. घोड्याला ‘फी’ आणि गाईला ‘थोउ’ लिहिले नाही, तर गुण कापत. चांगली बोलू लागलेली मुले त्या धास्तीने वर्ग सोडून गेली. तुम्हाला भाषा शिकवायची आहे की माणसे गाळायची आहेत?

घाऊकवाला
चीनमधील यीवूच्या घाऊक बाजारातील अनुभव सांगतो. कपड्याच्या एका नगाला ‘ज्येन’ म्हणतात, एवढेच मला शिकवले होते. नमुन्यासाठी पाच ‘ज्येन’ शर्ट मागितले, तर विक्रेत्याने पाच खोक्यांचा भाव काढला, कारण घाऊक व्यवहारात ‘ज्येन’ म्हणजे अख्खे खोकेही होते.

पूर्वेकडचा
हे येथे गैरलागू आहे. पेटी, किलो ही मापे प्रत्येक भाषेत असतात. वाद सपाट वस्तूंचा ‘जांग’, लांबट वस्तूंचा ‘थ्याओ’ अशांचा चालला आहे.

घाऊकवाला
गैरलागू कसे? ‘लियांग बेइ छा’ म्हणजे दोन कप चहा आणि ‘लियांग जांग जुओझ’ म्हणजे दोन टेबले. ‘बेइ’ आणि ‘जांग’ वाक्यात एकाच जागी बसतात. व्याकरणातले तुमचे वर्गीकरण दुकानदारासमोर उभ्या असलेल्या माणसावर लादू नका. कप मराठी माणसाला आधीच कळतो, मग तेथूनच सुरुवात का करू नये?

पूर्वेकडचा
तुमचा सूर मला पटलेला नाही, पण ‘बेइ’पासून सुरुवात करण्याला हरकत घेता येत नाही, हे मान्य करावे लागते. घोडा मात्र पहिल्या वर्षात नको आणि गुण कापणे तर मुळीच नको.

वाङ्मयरसिक
घोडा मी सोडला. ‘जांग’ सोडणार नाही. ‘जांग’ कानावर पडताच पुढे कागद, तिकीट, टेबल, पलंग असे काहीतरी सपाट पृष्ठभागाचे येणार हे कळते, आणि समोरचा भरभर बोलत असताना नवशिक्याला तेवढाच आधार असतो.