मदत हवी आहे: पीएचडीचा प्रस्ताव, शुक्रवारच्या आत

तुरीची_शेंग
नमस्कार. शुक्रवारी पीएचडीचा दोन पानी प्रस्ताव द्यायचाय, विषय श्रम, कुटुंब आणि सुखसमाधान. एका मॅडमना दाखवला तर "यात प्रश्न कुठाय?" एवढंच लिहून परत केला. चार दिवस तेच वाचत बसलेय. वर घरचे विचारतायत हे करून नोकरी कुठली लागणार. या विषयात कोणी काम केलंय का? लवकर सांगा आणि "गुगल कर" नको, केलंय.

आकडेमोड
कुठली युनिव्हर्सिटी? एमए कशात? बीएला मॅथ्स होतं का? आकडेवारीची सॉफ्टवेअर, स्टाटा, आर, यातलं काही येतं? काहीच लिहिलं नाहीस तर सांगणार काय.

राहिलेला_कलेक्टर
पीएचडीत पाच-सहा वर्षं घालवू नका, सरळ यूपीएससीची आयईएस द्या. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिस. माझ्या मेव्हण्याचा मित्र आहे, दिल्लीत क्वार्टर, सगळं.

तुरीची_शेंग
एमए इकॉनॉमिक्स, मॅथ्स नव्हतं, एक्सेल येतं. आयईएसला 30 ची अट आहे, मला मार्चमध्ये 31 झाली. आणि मी ते विचारलंच नव्हतं.

शिकागोचा_जावई
निराश होऊ नका. अर्थतज्ज्ञ गॅरी बेकरने लग्न, मुलं, घटस्फोट सगळ्याला खर्च-फायद्याचं गणित लावलं, लोक हसले, 1992 ला नोबेल मिळालं. क्लॉडिया गोल्डिन तर मायक्रोबायॉलॉजी करायला कॉर्नेलला गेली होती, मग इकॉनॉमिक्सकडे वळली, 1972 ला शिकागोतून पीएचडी आणि 2023 चं नोबेल एकटीला. अमेरिकेच्या जुन्या नोंदींत बाईच्या व्यवसायाच्या रकान्यात नुसतं 'वाइफ' लिहिलेलं असायचं, शेतात, दुकानात कितीही राबली तरी. तिने बाकीची कागदपत्रं उपसून बायकांच्या कामातल्या सहभागाचा 200 वर्षांचा आलेख नीट केला, तो यू आकाराचा निघाला.

खडूस_काकू
आपल्याकडे काय वेगळंय? पीएलएफएसमध्ये, म्हणजे सरकारच्या श्रमशक्ती सर्वेक्षणात, घरकामाला 92 नाहीतर 93 कोड टाकला की बाई श्रमशक्तीच्या बाहेर. आणि 2024 च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम बायकांचं दिवसाला 289 मिनिटं, पुरुषांचं 88. आमच्याकडे 88 कुठून आणायची? चहाचा कप सिंकपर्यंत नेणं धरत असतील.

आकडेमोड
काकू, ती 88 जे करतात त्यांचीच सरासरी आहे. जे करतच नाहीत ते त्यात नाहीत, म्हणजे तुमचे काका आकड्याच्या बाहेर.

राहिलेला_कलेक्टर
पण बायकांचा श्रमशक्तीतला सहभाग वाढलाय ना, 2017-18 ला 23.3 टक्के होता तो 2023-24 ला 41.7. ते कोणी बोलत नाही.

खडूस_काकू
वाढला, पण त्यात घरच्याच शेतात-धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या किती आहेत ते उघडून बघा आणि मग बोला.

तुरीची_शेंग
भांडा तुम्ही, माझा शुक्रवार चाललाय.

आकडेमोड
बरं, पुस्तकातलं सोड. तुला स्वतःला यात काय खुपतं?

तुरीची_शेंग
खुपतं म्हणजे, आमच्या गावातली निम्मी घरं दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, हिशोब टनावर, तोही जोडीचा. बाईची मजुरी किती विचारलं तर तिलाच सांगता येत नाही. माझ्या मावशीने बारा हंगाम केले. पण हे सगळ्यांना माहीतच आहे, प्रस्तावात कशाला लिहू.

आकडेमोड
अगं कुणाला माहीत आहे! हाच तुझा प्रश्न. बेकरचं मॉडेल घराला एकच तिजोरी धरतं. नंतरच्यांनी म्हटलं पैसा कुणाच्या हातात येतो त्यावर खर्च बदलतो. इथे तर मजुरीच वेगळी होत नाही. मग मुलांची शाळा, बाईचं दवाखान्याला जाणं कोण ठरवतं ते विचार. तयार सर्व्हेत हे मिळणार नाही, घरं सहा महिने बंद असतात. जाण्याआधी एकदा आणि परत आल्यावर एकदा गावातच प्रश्नावली भर, तू त्यांच्यातली आहेस, ती तुझ्याशी बोलतील. आयएचडीएस या देशभरातल्या घरांच्या सर्व्हेचा डेटा फुकट मिळतो, तो तुलनेला घे. सुखसमाधान शब्द मात्र खोड, पैशाने सुख वाढतं का यावर अर्थतज्ज्ञ ईस्टर्लिनपासून म्हणजे 1974 पासून भांडण चालू आहे. नोकरीचं खरं सांगतो, कॉलेजात जागा निघेपर्यंत सर्व्हे करणाऱ्या संस्थांत काँट्रॅक्टवर काम मिळतं. आर शीक.

उसाचा_रस
आता हार्वेस्टर आलेत, ऊसतोड पाच वर्षांत बंद होणार, विषय बदला.

खडूस_काकू
छोट्या वावरात हार्वेस्टर वळवून दाखवा आधी.

उसाचा_रस
छोटे पण आलेत. व्हिडिओ टाकतो थांबा.

तुरीची_शेंग
@आकडेमोड आभार, लिहायला घेतलंय, पहिलं वाक्य मावशीचंच टाकतेय. प्रस्ताव मराठीत चालेल ना?

आकडेमोड
कुठली युनिव्हर्सिटी?