जपान, जुलै, एकटीने, रेल्वेने: हस्तकलांची गावं कशी जोडू?

रंगधागा
जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात 12 दिवस जपानला एकटी जाते आहे. टोकियोत उतरून ओसाकाहून परत. मुख्य ओढ आहे ती हातकागद, उरुशीचं काम (झाडाच्या चिकाचं लाखकाम), नीळ आणि मातीकाम बघण्याची, आणि जमेल तिथे स्वतः हात घालण्याची. कच्ची यादी: माशिको, वाजिमा, कानाझावा, एचिझेन, बिझेन, आरिता, तोकुशिमा. जपान रेल्वेचा 14 दिवसांचा जेआर पास घ्यावा का? शाकाहारी आहे, अंडं चालतं. यातलं काय गाळू?

रुळावरून
आरिता, माशिको आणि बिझेन गाळा. आरिताचा भांड्यांचा मोठा बाजार 29 एप्रिल ते 5 मे असतो, माशिकोचा वसंतात आणि शरदात, बिझेनचा ऑक्टोबरमध्ये. बिझेनची पाइनच्या लाकडावरची भट्टी दहा-बारा दिवस अखंड पेटती ठेवावी लागते, त्यामुळे ऐन उन्हाळ्यात ती पेटलेली दिसेल या भरवशावर जाऊ नका. मातीकाम हवंच असेल तर नागोयाजवळचं तोकोनामे बघा. जुन्या भट्ट्यांमधून जाणारी पायवाट अर्ध्या दिवसात होते. पण तुमच्या मार्गापासून ते बाजूला पडतं.

वाजिमाला रेल्वे 2001 पासून जातच नाही, कानाझावाहून बस आहे. 1 जानेवारी 2024 च्या भूकंपात आणि आगीत गावाचं फार नुकसान झालं. जायचं तर आधी विचारून जा. नाहीतर कानाझावात केनरोकुएन बागेला लागून जिल्ह्याचं हस्तकला संग्रहालय आहे, तिथे वाजिमाचं उरुशीचं काम नीट बघता येतं. टोकियोतलं राष्ट्रीय हस्तकला संग्रहालयही 2020 मध्ये कानाझावालाच हललं.

आता पास. ऑक्टोबर 2023 मध्ये 7 दिवसांचा पास 29,650 वरून 50,000 येनवर गेला आणि 14 दिवसांचा 80,000 वर. टोकियो ते कानाझावा सुटं तिकीट साधारण 14,000 येन. तुमच्या मार्गावर 14 दिवसांचा पास वसूल होणं शक्य नाही. उत्तरेला मोरिओका-निनोहेपर्यंत जाऊन आलात तर 7 दिवसांचा जेमतेम बरोबरीला येतो. नाही गेलात तर सुटी तिकिटंच स्वस्त. तिकिटांची बेरीज केल्याशिवाय पास घेऊ नका.

चीकगोंद
उन्हाळ्यात जाताय तर उन्हाळ्यातच घडणारं काम बघा. उरुशीच्या झाडाचा चीक जून ते ऑक्टोबर काढतात. जपानमधल्या देशी चिकाचा मोठा वाटा इवाते जिल्ह्यातल्या जोबोजीचा. टोकियोहून शिनकानसेनने (बुलेट ट्रेनने) निनोहे, तिथून बस. बसगाड्या मोजक्याच आहेत, परतीची वेळ आधी टिपून ठेवा. झाड पंधरा-एक वर्षांचं झालं की त्याला दर चार-एक दिवसांनी आडवी खाच देतात. पहिली खाच बोटभर, पुढची तिच्यावर, जरा लांब. अशी पायरीपायरीने शिडी चढत जाते. पूर्ण हंगामात एका झाडातून चीक निघतो सुमारे 200 ग्रॅम, आणि मग झाड तोडतात. पावसात खाचा घेत नाहीत, आणि तिकडचा पावसाळा जुलैअखेरपर्यंत रेंगाळतो. म्हणून तिथे एक रात्र पुरणार नाही, दोन ठेवा. झाडांपाशी जायला आधी परवानगी लागते. निनोहेच्या पर्यटन कार्यालयाला तीन-चार आठवडे आधी लिहा. पाऊस लागलाच तर जोबोजीतल्या तेकिसेइशा या कार्यशाळेत वाडग्यांवर उरुशीचे हात चढवताना बघता येतं.

उरुशी उन्हात वाळत नाही. हवेतली ओल घेऊन ती घट्ट होते. साधारण 20-30 अंश आणि 70-80 टक्के आर्द्रता लागते. म्हणून वाडगे ओलसर कपाटात ठेवतात.

महत्त्वाचं: उरुशी आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्बा उतण्याचा त्रास असेल तर ओल्या चिकाला हात लावू नका. पुरळ एक-दोन दिवसांनी उठतं, तोवर तुम्ही तिसऱ्याच गावात असाल. पूर्ण घट्ट झालेल्या भांड्याचा सहसा त्रास होत नाही.

रंगधागा
हे फारच कामाचं. मग टोकियो, निनोहे, कानाझावा, एचिझेन, क्योतो, तोकुशिमा, ओसाका असं? क्योतोत किंत्सुगीचा (फुटलेलं भांडं सोनेरी सांध्याने जोडण्याचा) दीड तासाचा वर्ग दिसतोय, तो करावा का?

चीकगोंद
दीड तासात भांडं सांधून हातात देतात म्हणजे तिथे इपॉक्सी गोंद आणि सोनेरी पूड आहे. खऱ्या उरुशीचा सांधा थराथराने बसतो, आठवडे लागतात. हाताला वळण म्हणून करा, पण त्या कपात चहा पिऊ नका.

रुळावरून
क्रम चांगला आहे. निनोहेहून कानाझावाला जाताना टोकियोपर्यंत येऊ नका, ओमियालाच गाडी बदला. हायाबुसा, कागायाकी आणि थंडरबर्ड तिन्ही गाड्यांत फक्त आरक्षित जागा आहेत. मार्च 2024 पासून शिनकानसेन त्सुरुगापर्यंत जाते. क्योतोसाठी तिथे वरच्या मजल्यावरून तळमजल्यावर उतरून थंडरबर्ड पकडायची. वेळ आठ-दहा मिनिटांचाच असतो, मोठी बॅग असेल तर त्यानंतरची गाडी घ्या.

लोक फसतात ते एचिझेनला. एचिझेन-ताकेफू हे शिनकानसेनचं स्थानक वेगळं, गावातलं ताकेफू वेगळं. मध्ये काही किलोमीटर अंतर. ताकेफू आणि साबाए आता हापी-लाइन या वेगळ्या कंपनीच्या मार्गावर आहेत, तिथे जेआर पास धरत नाहीत. सगळ्या कागायाकी एचिझेन-ताकेफूला थांबतही नाहीत, हाकुताका किंवा त्सुरुगी बघा.

कोझो
एचिझेनला दोन रात्री द्याच. कागदाचं गाव, सुऱ्यांचं गाव आणि साबाएकडचं लाखकाम, सगळं एका दमात. कागदाच्या गावात पापिरसकान या कार्यशाळेत तासाभराच्या आत आपला कागद करून मिळतो. पण शेजारच्या उदात्सू संग्रहालयात कोझोची (कागदासाठीच्या तुतीची) साल निवडण्यापासून पुढची कामं जुन्या पद्धतीने चालतात, तिथे जास्त वेळ थांबा. कुंडातल्या लगद्यात तोरोरो-आओई या झाडाच्या मुळांचा बुळबुळीत रस घालतात. त्यामुळे तंतू तरंगत राहतात आणि पाणी जाळीतून सावकाश निथळतं. उष्ण हवेत हा रस पातळ होतो, म्हणून उत्तम कागद थंडीतला मानतात. जुलैत तुमच्या साच्यातून पाणी झटकन गेलं आणि कागदात गाठी आल्या तर हेच कारण. साचा पटकन आणि सपाट हलवा. कागदाची देवी कावाकामी गोझेन हिचं ओकामोतो-ओताकी देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्याचं एकावर एक चढलेलं छप्पर चुकवू नका.

ताकेफू नाइफ व्हिलेजमध्ये सुरी घेणार असाल तर 165 ते 170 मिलिमीटरची सांतोकू (सगळ्या कामांची घरगुती सुरी) घ्या. साधं कार्बन पोलाद लिंबू-कैरीने काळं पडतं, लगेच पुसलं नाही तर गंजतं. धार पातळ आणि कडक असते. नारळ, लाल भोपळा, सुरण यांवर चालवली की टवके उडतात. ती कामं विळीवरच करा. सुरी दुकानाच्या बंद खोक्यातच ठेवा. 2019 पासून जपानी गाड्यांत नीट न गुंडाळलेली पाती चालत नाहीत, आणि विमानात ती चेक-इन सामानातच.

नीळकंठ
तोकुशिमासाठी जुलै उत्तम, निळीची कापणी तेव्हाच चालते. आइझुमीच्या आइ-नो-याकाता इथे शहरातून बसने जाता येतं, रुमाल किंवा ओढणी रंगवून मिळते. एक रेशमी रुमाल सोबत न्या. ताज्या पानांच्या रसाचा वर्ग मिळाला तर रेशमावर फिकट आकाशी रंग लगेच चढतो. सुतावर तो नीट धरत नाही. सुताला आंबवलेल्या निळीचं कुंडच हवं. कुंडातून कापड हिरवट निघतं, हवा लागली की निळं होतं. ते चुण्या सोडवून पसरा, नाहीतर डाग राहतात.

क्योतोहून ओकायामा, ताकामात्सू, तोकुशिमा असं रेल्वेने जा. पण तोकुशिमाहून ओसाकाला बसनेच निघा, आवाजी बेटावरून सुमारे अडीच तास. रेल्वेने उगाच मोठा वळसा पडतो. तारखा ऑगस्टकडे सरकवू नका: 12 ते 15 ऑगस्टला आवा ओदोरी हा नाचाचा उत्सव, खोल्या मिळत नाहीत, आणि ओबोन या पितरांच्या सणामुळे बहुतेक कार्यशाळा बंद.

रंगधागा
जेवणाचं?

कोझो
या गावांत दुपारी दोननंतर काही मिळेल असं धरू नका. सूप, नूडल्स, उकडलेल्या भाज्या, सगळ्यांत माशाचा दाशी (चवीसाठीचं पाणी) असतो. "मासे नको" म्हटलं तरी तो राहतोच, म्हणून "दाशी नको" असं जपानीत लिहून दाखवा. सकाळी स्टेशनवरच्या दुकानातून उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) किंवा कोम्बूची (समुद्री शेवाळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घ्या, पण पाठीमागची यादी भाषांतराच्या अ‍ॅपने वाचा, कोम्बूच्यातही कात्सुओ हा मासा निघतो. क्योतोत देवळातलं शोजिन हे शाकाहारी जेवण मिळतं.

रुळावरून
आणि मोठी बॅग कानाझावाहून थेट क्योतोच्या हॉटेलवर कुरिअरने पाठवा, हॉटेलचा स्वागतकक्ष फॉर्म भरून देतो. सहसा दुसऱ्या दिवशी पोचते, म्हणून क्योतोच्या हॉटेलला चेक-इनची तारीख आधी कळवा. एचिझेनला पाठीवरची पिशवी पुरे.