बायोप्सीचा रिपोर्ट यायचाय, तोवर बायकोला आधार कसा द्यायचा?

शाहूपुरीकर
बायकोच्या डाव्या स्तनात गाठ आहे. मॅमोग्राफीत (स्तनाच्या एक्स-रेत) बायरॅड्स ४बी, म्हणजे संशयाची श्रेणी, आली; काल कोअर बायोप्सी (जाड सुईनं गाठीचा तुकडा काढणं) झाली. रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाले. तिला झोप नाही. आईला अजून सांगितलेलं नाही. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाले, सुई घातली की कॅन्सर पसरतो, तेव्हापासून ती जास्तच घाबरलीय. रिपोर्ट माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर येणार आहे. वाईट निघाला तर आधी मी एकट्यानं डॉक्टरांना भेटावं का?

लॅबवाला_राजारामपुरी
दादा, पाहुण्यांचं बोलणं मनातून काढा. सुईच्या वाटेवर कधीकधी काही पेशी सापडतात, पण त्यामुळे पेशंटचं पुढं वाईट होतं असं दिसलेलं नाही. निदानाशिवाय थेट ऑपरेशन केलं तर मात्र किती कापायचं हेच चुकू शकतं.
४बी म्हणजे कॅन्सरची शक्यता १० ते ५० टक्के. वहिनींना हा आकडा आहे तसा सांगा, कमी करून नको.
तुकडा किमान ६ तास फॉर्मालिनमध्ये (तो टिकवणाऱ्या द्रावणात) ठेवतात. मग रात्रभर प्रोसेसिंग, मेणाचा ब्लॉक, त्याचे ३-४ मायक्रॉनचे काप, ते रंगवून पॅथॉलॉजिस्टकडे. यातच कामाचे ३ ते ५ दिवस जातात. आयएचसी (पेशींतली ठरावीक प्रथिनं रंगवून बघायची जादा तपासणी) लावली तर आणखी काही दिवस. कॅन्सर नाही हे पक्कं करायलाही कधीकधी आयएचसी लावतात, त्यामुळे उशीर झाला म्हणजे वाईटच, असं धरू नका. लॅबला एकदाच विचारा: आयएचसी लावलीय का, आणि ब्लॉक बाहेरगावी गेलाय का?

सिस्टर_कसबाबावडा
एकट्यानं भेटू नका, हे अगदी कळकळीनं सांगते. शरीर वहिनींचं, पुढच्या प्रत्येक संमतीपत्रावर सहीही त्यांचीच लागणार. लपवलेलं चेहऱ्यावर दिसतंच, आणि नंतर चांगली बातमी सांगितली तरी विश्वास बसत नाही. आजच त्यांना विचारा: पीडीएफ आली की दोघांनी मिळून उघडायची, का न उघडता डॉक्टरांकडे न्यायची? न उघडायचं ठरलं तर डॉक्टरांची वेळ आधीच घेऊन ठेवा, नाहीतर फोन हातात धरून रात्र काढावी लागते.
"काही निघणार नाही" म्हणू नका. ते तुम्हालाही माहीत नाही, आणि त्यांचं बोलणं तिथंच थांबतं. रात्री जाग आली तर "बोलायचंय, का नुसता बसू?" एवढंच विचारा. सासूबाईंना कधी सांगायचं ते वहिनींना ठरवू द्या. पाहुण्यांना एकच उत्तर: रिपोर्ट आला की आम्हीच फोन करू. पाहुण्यांचा फोन वहिनींच्या हातात देऊ नका, तुम्ही घ्या.
दोन दिवस त्या बाजूनं बादली, सिलिंडर उचलणं नको, भाकरी थापणंही नको. कापडात गुंडाळलेला बर्फ १०-१५ मिनिटं, घट्ट ब्रा रात्रीसुद्धा. दुखलं तर पॅरासिटामॉल. ब्रुफेन, अ‍ॅस्पिरिन मनानं नको. आधीपासून रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आठ-दहा दिवस निळं-हिरवं दिसणं साधं आहे. सूज वाढत गेली, ताप आला, किंवा १५ मिनिटं दाबूनही रक्त थांबलं नाही तर लगेच फोन करा.

शाहूपुरीकर
आज रात्रीच तिच्याशी बोलतो. तोवर कागदपत्रांचं काही करून ठेवायचं का?

आरोग्ययोजना_मदत
ठेवा, पण वहिनींना सांगून. कपाटातून गुपचूप रेशनकार्ड काढलेलं दिसलं तर त्या भलताच अर्थ लावतील.
रेशनकार्डात त्यांचं नाव आहे का बघा. लग्नानंतर ते चढवायचं बऱ्याच घरांत राहून जातं. आधारवरचं स्पेलिंगही जुळलं पाहिजे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण मंजुरी उपचारांआधी घ्यावी लागते. योजनेतल्या हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र (योजनेचे मदतनीस) बसतात, त्यांना आधी भेटा.
मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सीडी जपून ठेवा. मुंबईत परळला टाटा कॅन्सर हॉस्पिटलमध्ये किंवा आणखी कुठं दुसरं मत घ्यायचं ठरलं तर पीडीएफवर भागत नाही, स्लाइड (काचेवरचे रंगवलेले काप) आणि ब्लॉक लागतात. लॅबकडून घेताना त्यावरचा नंबर रिपोर्टशी जुळवा. प्रवासात ते उन्हात गाडीच्या काचेजवळ ठेवू नका, ब्लॉक मेणाचा असतो.