माळेगाव यात्रेतला घोडेवाला आन फिरस्ता: दोघांचं प्रेम खरं कसं वाटंल?

गोदाकाठ:
कादंबरी लिहायलोय. लोह्याकडचा चाळिशीतला घोडेवाला, खंडोबाच्या यात्रेत घोडी बिथरते, हा पडतो, मांडीचं हाड मोडतं. कुठंच न टिकणारा एक फिरस्ता घोडी सांभाळायला म्हणून राहतो आन दोघांचं जुळतं. पण ते नुसतं उपकाराचं वाटायला नको. काय करू?

खरारा:
घोडीपासून सुरू करा. अनोळखी माणूस दिसला की ती कान मागं पाडते, अंगाला हात लावू देत नाही. फिरस्ता रोज चंदी घालतो, खरारा करतो, खूर उचलून खडे काढतो आन मालक बाजेवरून बघत राहतो, उठता येत नाही ना, मग बघता बघता त्याला ते हातच आवडायला लागतात. मांडीचं हाड जुळायला महिने लागतात, यात्रा मार्गशीर्षातली, म्हणजे उन्हाळ्यापर्यंत दोघं एकाच घरात.

लातूरचा वाचक:
पहिला स्पर्श मालकानं स्वतः मागू द्या, आन फिरस्त्याला नाही म्हणायची मोकळीक असू द्या, कारण छप्पर मालकाचं आहे. गोष्ट आत्ताची असंल तर समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या कलम 377 ची भीती कामून घालायची, 6 सप्टेंबर 2018 लाच सुप्रीम कोर्टानं सज्ञान माणसांचे संमतीचे संबंध त्यातून काढलेत. भीती भावकीची दाखवा, ती लई खरी आहे.

गोदाकाठ:
पटलं. शेवटी त्याला जाऊ देऊ का?

खरारा:
नका हो. अशा गोष्टीत दरवेळी कुणीतरी मरतं नाहीतर निघून जातं, वाचून जीव तुटतो. त्याला नाल ठोकायचं काम शिकू द्या, हातात स्वतःचे पैसे आले की तो आश्रित राहत नाही.