सेप्टिक टाकी भरलेली दिसली म्हणून उपसू नका
‘झाकण उघडलं तर टाकी भरलेली, म्हणजे उपसायलाच हवी’ असं काहींना वाटतं. पण सेप्टिक टाकी बाहेर जाणाऱ्या पाइपच्या पातळीपर्यंत कायम भरलेलीच असते. आत येईल तेवढंच पाणी बाहेर पडतं. जड मैला तळाशी बसतो, तेल-साबणाची साय वर तरंगते, मधलं पाणी तेवढं शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी मातीत जिरवणाऱ्या खड्ड्यात जातं. म्हणूनच बाहेर जाणाऱ्या पाइपला आतून टी (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) लावतात, खालचं तोंड सायीच्या बरंच खाली बुडलेलं. ती टी तुटली की साय थेट शोषखड्ड्यात जाते, तिथल्या मातीची छिद्रं बुजतात, आणि हे दुखणं फार महागात पडतं. लांब काठीने गाळ मोजा; गाळ आणि साय मिळून टाकीचा तिसरा हिस्सा व्यापला की उपसा. मात्र कृपा करून आत उतरू नका, डोकंही घालू नका. टाकीत साचलेल्या विषारी वायूने माणूस क्षणात कोसळतो.