मदत हवी आहे: कापडी लॅम्पशेड पुसल्यावर उमटलेले वर्तुळ कसे घालवावे?

नमस्कार.

बैठकीच्या खोलीतील उभ्या दिव्याची शेड स्वच्छ करताना माझ्याकडून चूक झाली असून, आणखी नुकसान होऊ नये म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. ही शेड नळकांड्याच्या आकाराची, फिकट सुती कापडाची आहे. आतून हात फिरवल्यास गुळगुळीत प्लास्टिक लागते, त्यामुळे कापड प्लास्टिकच्या पातळ शीटवर चिकटवलेले असावे. तिच्यावर नखाएवढा डाग होता. तो मी ओल्या फडक्याने पुसला, तेव्हा गेल्यासारखा वाटला. परंतु कापड वाळल्यावर त्या जागी तळहाताएवढे, तपकिरी कडेचे वर्तुळ उमटले. दिवा बंद असताना ते फारसे जाणवत नाही, मात्र दिवा लावला की नकाशावरील बेटासारखे उठून दिसते.

दुसरी शेड जुनी, चुण्यांच्या रेशमी कापडाची आहे. ती तारेच्या सांगाड्यावर बसवलेली असून तिला आतून पांढरे अस्तर आहे. चुण्यांमध्ये अनेक वर्षांची धूळ बसली आहे आणि वरच्या काठाजवळ, जिथे बल्बची उष्णता सर्वाधिक लागते तिथे, कापड पिवळे पडले आहे. पहिल्या अनुभवानंतर हिला ओले फडके लावण्याचे धाडस होत नाही.

पहिल्या शेडवरील वर्तुळ घालवता येईल का? अशा शेड पाण्यात बुडवून धुवाव्यात असे काही जण सांगतात, तर काही जण पाण्याचा थेंबही लावू नये असे बजावतात. यांपैकी कोणाचे ऐकावे? तसेच पिवळेपणा हा मळ समजून त्यावर ब्लीच वापरावे काय?

प्रतिसाद

वर्तुळ हा नवा डाग नसून आधीचाच मळ आहे. कापडात मुरलेली बारीक धूळ पाण्याने सैल होते, पाणी पसरेल तशी त्याच्याबरोबर सरकते आणि ओल्या भागाच्या कडेला, पाणी उडून जाते तिथे, साचते. म्हणूनच धूळ काढण्यापूर्वी एकच जागा ओली करणे घातक ठरते. आता आधी संपूर्ण शेडवरील धूळ कोरड्या मऊ ब्रशने, वरून खाली, काढावी. नंतर पांढरे सुती फडके घट्ट पिळून वर्तुळाच्या कडेवर बाहेरून आत टिपत जावे, घासू नये, आणि प्रत्येक वेळी कोरड्या फडक्याने लगेच ओल शोषून घ्यावी. पाणी जास्त झाल्यास गोंद सुटून कापडाला फुगे येतात आणि ते मात्र बसवता येत नाहीत. शेवटी हेअर ड्रायरची थंड हवा द्यावी. हा प्रयोग आधी जोडाच्या बाजूला, कोपऱ्यात, करून पाहावा. डाग पूर्णपणे जाईलच असे नाही. पुसट झाला की शेड फिरवून ती बाजू भिंतीकडे करावी, यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

रेशमी शेडबाबत दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. कापड सांगाड्याला शिवलेले असेल तर ती कोमट पाण्यात सौम्य द्रव साबण घालून बुडवता येते. चिकटवलेली असेल तर मुळीच नाही. काठावरचा गोट आतून तपासावा: टाके दिसले तर शिवण, कडक चकचकीत थर दिसला तर गोंद. धुतल्यावर वाळवण्यात दिरंगाई केल्यास तारेला गंज चढतो आणि गंजाचा डाग कापडात उतरतो. रंगीत गोटाचा रंग सुटतो का, हेही आधी पाहावे.

पिवळेपणा मात्र बहुधा मळ नसावा. उष्णतेने आणि प्रकाशाने रेशमाचा धागाच बदलतो, त्यामुळे तो धुऊन जात नाही. क्लोरीनच्या ब्लीचने रेशीम अधिक पिवळे पडते आणि कमकुवत होते. दिव्यात अजून जुना तारेचा बल्ब असेल तर तो बदलावा. त्याला लागणाऱ्या विजेपैकी सुमारे ९० टक्के उष्णतेत जाते. ६० वॅटच्या अशा बल्बइतका उजेड ८ ते ९ वॅटचा एलईडी देतो आणि कापड बरेच कमी तापते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

मनःपूर्वक आभार. सुती शेडवरील वर्तुळ तीन वेळा टिपल्यावर बरेच फिके झाले. रेशमी शेडच्या गोटाखाली टाके आढळले, त्यामुळे ती धुण्याचे ठरवले होते. परंतु वरच्या पिवळ्या भागावर बोट हलकेच दाबताच कापडातून करकर असा आवाज आला आणि केसासारखी बारीक चीर दिसली. तरीही धुवावे का? आणि कपड्यांवरील केस काढण्याचा चिकट रोलर तिच्यावर चालेल का?

प्रतिसाद

नाही, दोन्ही टाळावे. शिवण शाबूत असली तरी धागा ठिसूळ झाला आहे आणि ओल्या कापडाचे वजन तो पेलणार नाही. सुती शेडवर रोलर अवश्य चालवावा, परंतु या रेशमावर त्याचा चिकटपणा सुटे धागे ओढून काढेल. प्रत्येक चुणी मऊ कुंचल्याने वरून खाली झाडावी. व्हॅक्यूम क्लीनर वापरायचाच असेल तर त्याच्या तोंडावर पातळ जाळीदार कापड बांधून, जोर सर्वांत कमी ठेवून, तोंड कापडापासून बोटभर दूर धरावे, म्हणजे झाडलेली धूळ तेवढी ओढली जाईल आणि चीर वाढणार नाही.