होंडा सिटीवरचे जुने व्हील स्पेसर स्विफ्टला बसवावेत का?

खारघरचा स्विफ्टवाला:

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०१९ सालची स्विफ्ट आहे. तिची मागची चाके मडगार्डच्या आत फार खोल दिसतात आणि ती थोडी बाहेर यावीत, अशी माझी बऱ्याच दिवसांची इच्छा आहे. तुर्भ्यातील एका गृहस्थांकडे २० मि.मी. जाडीच्या अॅल्युमिनियम स्पेसरची, म्हणजे चाक आणि चाक ज्यावर बसते तो हब यांच्यामध्ये बसणाऱ्या चकत्यांची, जोडी विकाऊ आहे. हे स्पेसर हबवर नटांनी बसतात आणि चाकासाठी त्यांना स्वतःचे स्टड (नट चढवायचे आट्यांचे खिळे) आहेत. ते दोन वर्षे होंडा सिटीवर होते. दोन्ही गाड्यांना चार नट आणि १०० मि.मी. पीसीडी (नटांच्या भोकांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास) असल्यामुळे ते माझ्या गाडीला सरळ बसतील, असे त्यांचे म्हणणे आहे. मी थोडी रक्कम विसार म्हणून दिली आहे, उरलेली रविवारी द्यायची आहे. ठाणे-बेलापूर रस्त्याने माझा रोजचा प्रवास असतो, कधी कधी चारही माणसे गाडीत असतात, म्हणून पैसे वाचवण्यापेक्षा सुरक्षितता मला महत्त्वाची वाटते. जुना स्पेसर घेताना नेमके काय तपासावे?

वागळे इस्टेटचा टर्नर:

पीसीडी जुळतो हे खरे आहे, परंतु तेवढ्यावरून स्पेसर जुळतो असे म्हणता येत नाही. स्विफ्टच्या हबचा मधला व्यास ५४.१ मि.मी. आहे आणि सिटीचा ५६.१ मि.मी. म्हणजे हा स्पेसर तुमच्या हबवर चढेल, पण सगळीकडून सुमारे एक मि.मी. मोकळा राहील आणि हब त्याला मध्यावर धरणार नाही. स्पेसरच्या बाहेरच्या बाजूला अडचण उलटी आहे. तिथे चाक मध्यावर राहावे म्हणून जो उंचवटा कोरलेला असतो तो सिटीच्या मापाचा असेल, तर स्विफ्टच्या मूळ चाकाचे ५४.१ चे भोक त्यावर बसणारच नाही. चाक त्या कडेवर टेकून राहील, नट आवळल्यावर बसल्यासारखे भासेल आणि स्पेसरचा सपाट पृष्ठभाग चाकाला पूर्ण टेकलेला नसेल.

याहून गंभीर बाब आट्यांची आहे. मारुतीचे स्टड १२ मि.मी. व्यासाचे आणि १.२५ पिचचे (पिच म्हणजे लागोपाठच्या दोन आट्यांमधले अंतर, मि.मी. मध्ये) असतात, तर होंडाचे त्याच व्यासाचे पण १.५ पिचचे. डोळ्यांना हा फरक दिसत नाही. तुमचा मूळ नट त्या स्पेसरच्या स्टडवर एक-दोन फेरे हाताने जाईल आणि मग अडेल; त्यावर कोणी एअर गन लावली तर आटे फाडत तो पुढे जाईल आणि घट्ट बसल्याचा आभास होईल. म्हणून कोणताही नट प्रथम बोटांनी शेवटपर्यंत फिरवून पाहावा. १२ मि.मी. च्या स्टडवर किमान १२ मि.मी. लांबीचे आटे नटात गुंतले पाहिजेत, १.२५ पिचला याचा अर्थ जवळजवळ दहा पूर्ण फेरे होतो.

आता जुनेपणाविषयी. दोन्ही स्पेसर काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून खालून फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) सरकवून पाहा आणि व्हर्निअरने चार ठिकाणी जाडी मोजा. स्टडच्या भोकांभोवती केसासारखी तडा शोधा; संशय आल्यास डाय पेनिट्रंट चाचणी (रंगीत द्रव लावून बारीक तडे शोधण्याची) करून घ्या, कारण अशी तडा नुसत्या नजरेला चुकवते. नटांची भोके लंबगोल झाली असतील, तर तो स्पेसर कधीतरी सैल अवस्थेत चालला आहे असे समजावे आणि तो फुकटही घेऊ नये. तो ओतीव धातूचा आहे की घडीव, हेही विचारा. ओतीव असेल तर मी स्वतः तो वापरणार नाही.

घोडबंदरवासी:

वरील उत्तराला माझ्या अनुभवाची जोड देतो. माझ्या गाडीच्या मागच्या चाकांना एका गॅरेजमध्ये स्पेसर बसवले होते. हबवरचा गंज न घासता त्यांनी स्पेसर चढवला आणि सर्व नट एअर गनने आवळले. आठवड्याभराने गायमुखच्या चढावर मागून टक-टक असा आवाज येऊ लागला. मी जवळच्या टायरवाल्याकडे गेलो. त्याने चाकाचे नट तपासले, ते घट्ट होते, म्हणून मी पुढे निघालो. आवाज थांबला नाही. दुसऱ्या दिवशी चाक काढल्यावर कळले की स्पेसरला हबशी धरणाऱ्या चार नटांपैकी दोन सैल झाले होते. त्या रात्री माझी दोन्ही मुले मागच्या सीटवर होती, हे मी अजून विसरू शकलेलो नाही.

या प्रकारच्या स्पेसरमध्ये दोन जोड असतात आणि आतला जोड चाक काढल्याशिवाय दिसत नाही. भार मुख्यतः पेलते ते नटांच्या दाबामुळे दोन पृष्ठभागांमध्ये निर्माण होणारे घर्षण. मध्ये गंज किंवा रंगाचा थर असला, तर तो काही किलोमीटरमध्ये दबतो आणि नटाचा ताण उतरतो. म्हणून हब तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत घासावा, नट फुलीच्या क्रमाने टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळावेत आणि सुमारे १०० किलोमीटरनंतर चाक काढून आतले नट पुन्हा तपासावेत. आपल्याकडे खाडीची दमट हवा आणि चार महिने पाऊस असल्यामुळे अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यानंतरची तपासणी टाळू नये.

ऐरोलीहून:

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनातील बदलांविषयी आहे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या जानेवारी २०१९ च्या निकालानंतर त्याकडे अधिक कडकपणे पाहिले जाते. बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारावे. शिवाय चाकाचा ऑफसेट (चाकाच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर) ४० मि.मी. असेल, तर २० मि.मी. च्या स्पेसरने तो २० वर येतो आणि बेअरिंगवरचा ताण वाढतो. हेतू दिसण्यापुरताच असेल, तर योग्य ऑफसेटची चाके घेणे मला अधिक बरे वाटते.

खारघरचा स्विफ्टवाला:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल व्हर्निअर घेऊन गेलो होतो. आतला व्यास ५६ च्या किंचित वर भरला आणि माझा नट स्टडवर दुसऱ्या फेऱ्यालाच अडला. विक्रेत्यांनाही हा फरक ठाऊक नव्हता. त्यांनी विसार तिथेच परत केला. एकच विचारतो: लेथवर हे स्पेसर स्विफ्टच्या मापाचे करता येतील का?

वागळे इस्टेटचा टर्नर:

बाहेरचा उंचवटा कातून ५४ च्या मापाचा करता येतो आणि स्टड दाबून काढून दुसरे बसवता येतात. पण आतले मोठे भोक लहान करता येत नाही, त्यात रिंग ठोकावी लागते, आणि नव्या स्टडचे दाते जुन्या भोकात तितकेच घट्ट धरतील याची खात्री मी देऊ शकत नाही. माझ्याकडे असे काम आले, तर मी ते परत पाठवतो.